फूटी की क्रिकेट? ओव्हल तेच, घड्याळं वेगळी

मेलबर्नच्या पश्चिमेला पॉइंट कुकला राहणाऱ्या माझ्या एका मित्राचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. उन्हाळ्यात डावखुरी मध्यमगती टाकतो, हिवाळ्यात फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) खेळतो आणि दोन्हीकडे बरा आहे. परवा चहा पिताना मित्राने विचारलं, "एक सोडायला सांगू का रे त्याला? आणि सांगायचं तर कुठलं?" त्याला जे तुटक तुटक सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहितो. इथल्या आपल्या मराठी मंडळींच्या बऱ्याच घरांत सध्या हाच विषय चालू आहे.

दोन्ही खेळांत वाटेवर राष्ट्रीय युवा स्पर्धा लागते. नावं सारखी वाटतात, वजन मात्र अगदी वेगळं.

फूटीची अंडर-१८ चॅम्पियनशिप आधी बघू. संघ पाचच: व्हिक्टोरिया मेट्रो, व्हिक्टोरिया कंट्री, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, आणि न्यू साउथ वेल्स, कॅनबरा, क्वीन्सलँड, टास्मानिया, नॉर्दर्न टेरिटरी या सगळ्यांची मोट बांधून केलेला 'अलाइज'. (या मोटेला लोक लिंबूटिंबू समजत. २०२३ मध्ये त्यांनीच स्पर्धा जिंकली, आणि सर्वोत्तम खेळाडूचं लार्क मेडलही त्यांच्याच रायली सँडर्सला मिळालं.) प्रत्येक संघ बाकीच्या चौघांशी एकेकदा खेळतो. म्हणजे मुलाच्या वाट्याला फार तर चार सामने, तेही ऐन थंडीत. कुंपणापाशी एएफएल (फूटीची व्यावसायिक राष्ट्रीय लीग) क्लबांची माणसं वह्या घेऊन उभी असतात. नोव्हेंबरात ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू उचलायचे. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी मुलं त्यात येतात, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेला पोरगा जानेवारीतल्या पोराशी जवळजवळ वर्षभर मागून झुंजतो. थोडक्यात, एक हिवाळा. नंतरही दारं किलकिली असतात. २०१९ मध्ये मार्लिअन पिकेट वयाच्या २७ व्या वर्षी थेट ग्रँड फायनलमध्ये पदार्पण करून गेला. पण अशी उदाहरणं लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात, यावरूनच ती किती दुर्मीळ आहेत ते समजा.

क्रिकेटमध्ये अंडर-१७ आणि अंडर-१९ अशा दोन राष्ट्रीय स्पर्धा. एकाच शहरात आठवडा-दीड आठवड्याचा मुक्काम आणि जवळजवळ रोज सामने. निवड झाली तर उत्तम. नाही झाली तरी पुढच्या शनिवारी प्रीमिअर क्रिकेट (शहरातल्या मोठ्या क्लबांची लीग) असतंच, आणि तिथे पंधरा-सोळाचा पोरगा क्लबाच्या तिसऱ्या-चौथ्या संघात चाळिशीच्या काकांना बॉलिंग टाकतो. मायकल हसीचं कसोटी पदार्पण २००५ मध्ये, तिशीत झालं. क्रिकेट वाट बघतं. फूटी बघत नाही.

आता जागांचा हिशोब. एएफएलचे अठरा क्लब, प्रत्येकाकडे चाळीसच्या वर खेळाडू. म्हणजे देशभरात साडेसातशेच्या आसपास पगारी जागा. क्रिकेटमध्ये सहा राज्यं आणि राज्यांचे करार दोनशेच्या आत. क्रिकेट आपलं, म्हणून ते सोपं, हा आपल्या घरांतला समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

दोन्ही होड्यांत पाय ठेवलेली माणसं आहेत. मिचेल मार्श २००८ च्या अंडर-१८ फूटी चॅम्पियनशिपमध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून खेळला, दोन वर्षांनी कप्तान म्हणून अंडर-१९ क्रिकेट वर्ल्ड कप जिंकला, आणि पुढे आपण त्याला पुण्याच्या जर्सीत पाहिलं. ॲलेक्स कीथचं उलटं. त्याने फूटी बाजूला ठेवून व्हिक्टोरियाचा क्रिकेट करार घेतला, तिथे गाडी म्हणावी तशी धावली नाही, आणि २०१५ नंतर ॲडलेडमार्गे तो एएफएलमध्ये बचावपटू म्हणून स्थिरावला. म्हणजे परतीची वाट आहे. मात्र कीथची उंची सहा फुटांच्या बरीच वर आहे, हे त्याचं उदाहरण देणारे सांगत नाहीत.

उंचीवरून आठवलं. "आपली पोरं बुटकी, फूटी काय खेळणार" हे मी मंडळाच्या गणपतीत इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार ठेवतो: केलब डॅनिअल, १६८ सेंटीमीटर. २०१४ चं लार्क मेडल त्याचं आणि २०१६ ची प्रीमिअरशिपही (एएफएलचं विजेतेपद). तरीही ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर ४६ वा लागला, हेही खरं. उंची आड येत नाही, पण रांगेत मागे ढकलते.

आयांना खटकणारी गोष्ट वेगळीच असते. ड्राफ्टमध्ये क्लब मुलाला निवडतो, मुलगा क्लबला नाही. बारावी संपते न संपते तोच पोरगा पर्थला. क्रिकेटमध्ये बहुतेक वेळा स्वतःच्या राज्यातूनच सुरुवात होते, घरचा डबा आणखी काही वर्षं सुटत नाही. शिवाय वेळापत्रक बघा: चॅम्पियनशिप जून-जुलैत, व्हीसीईच्या (व्हिक्टोरियातल्या बारावीच्या) वर्षाचा मध्य, ड्राफ्टच्या चाचण्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परीक्षा तोंडावर असताना. क्रिकेटचा मोसमही परीक्षेवर येतो, पण तिथे एक शनिवार सोडला तर कोणी कायमचं नाव खोडत नाही.

दुखापतीत डावं-उजवं करणं कठीण. वेगवान गोलंदाजाची वाढत्या वयातली पाठ आणि फूटीतला गुडघा, दोन्ही वर्ष खातात. फूटीत डोक्याला मार लागण्याची भीती जास्त, पण आता नियमही कडक आहेत. स्थानिक क्लबांत मेंदूला धक्का (कन्कशन) बसला तर किमान २१ दिवस सामना नाही. खर्चात मात्र फूटी सरळ जिंकते. बूट आणि माउथगार्ड घेतले की झालं. बरी इंग्लिश विलो बॅट घ्यायला गेलं की पाचशे डॉलर सुटतात.

पालकाचाही जीव आहेच. क्रिकेटमध्ये सावलीत बसून स्कोअर लिहायचा. फूटीत सकाळी आठला ओल्या गवतावर, मधल्या खेळपट्टीचा नुसता चिखल झालेला, आणि हातात पोरांसाठी चिरलेली संत्री. पहिला मोसमभर सगळे "बॉऽऽल!" ओरडले (म्हणजे पकडलेल्या खेळाडूने बॉल सोडला नाही, अशी अंपायरकडे तक्रार) की मला वाटायचं बॉल हरवला. एकदा गोल अंपायर कमी होता म्हणून मला पांढरा कोट चढवला. सहा गुणांच्या गोलला दोन झेंडे, एका गुणाच्या बिहाइंडला एक. मी बिहाइंडला दोन हलवले, म्हणजे एका गुणाच्या जागी सहा. समोरच्या बाकावरच्या आजींनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी असेल तर हिशोब अधिक मोकळा. मुलींची लीग एएफएलडब्ल्यू २०१७ ला सुरू झाली, मुलींचीही अंडर-१८ चॅम्पियनशिप आहे, आणि जेस डफिन ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळून कॉलिंगवुडकडून फूटीही खेळली. सिडनी-ब्रिस्बेनच्या मंडळींनी स्वान्स, जायंट्स, लायन्स, सन्स या तिकडच्या एएफएल क्लबांच्या अकादम्यांत चौकशी करावी. आणि आशियात जन्मलेल्या पालकांच्या मुलांसाठी क्लबांच्या नेक्स्ट जनरेशन अकादम्या आहेत. आपल्यातले फारच कमी लोक तिथे फोन करतात.

मित्राला मी सांगितलं: पंधराव्या वर्षी काहीच सोडू नका. खरी टक्कर पुढच्या नोव्हेंबरात आहे, जेव्हा टॅलेंट लीगची (फूटीच्या होतकरू मुलांच्या लीगची) मोसमपूर्व तालीम आणि क्रिकेटचं नेट एकाच मंगळवारी संध्याकाळी येतात. तोवर पोरगा प्रीमिअर क्लबात मोठ्यांच्या विकेट काढायला लागला असेल, तर क्रिकेटच. नसेल, आणि त्या लीगमधल्या आपल्या भागाच्या संघाने, वेस्टर्न जेट्सने, अंडर-१६ च्या चाचणीला बोलावलं असेल, तर दोन हिवाळे फूटीला द्यावेत. बॉलिंग एकोणिसाव्या वर्षीही पुन्हा सुरू करता येते.

मित्र म्हणाला, "आणि दोन्हीकडून बोलावणं नाही आलं तर?" तेवढ्यात पोरगा आत आला, फ्रिज उघडला आणि विचारलं, "बाबा, मी ट्रायलला बास्केटबॉल घेऊ का?"