घरगुती व्हॉल्यूम स्विचसाठी चांदी की सोनं?

अँप्लिफायरच्या नॉबमागे असणाऱ्या कार्बनच्या पॉटची (फिरवून कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरची) खरखर आणि कमी आवाजात डावा-उजवा न जुळणं, या दोन गोष्टींना कंटाळूनच आपण स्वतःचा स्टेप्ड अटेन्युएटर, म्हणजे पायरीपायरीने आवाज बदलणारा स्विच, करायला घेतो. रेझिस्टरवर खूप वाद घालता येतो, पण एक टक्क्याच्या अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर घेतले की माझ्या मते तो विषय संपतो. वेळ द्यावा तो वायपर (नॉबबरोबर सरकणारी पट्टी) ज्याच्यावर घासतो त्या धातूला. मी आधी चांदीचा स्विच केला आणि दोन पावसाळे वापरला. सोन्याचा मुलामा असलेल्याचा आता चौथा पावसाळा चालू आहे.

पितळी स्क्रूची डोकी कॉन्टॅक्ट (वायपर टेकण्याची जागा) म्हणून वापरण्याचा प्रयोग बहुतेकांनी एकदा केलेला असतो, त्यामुळे पितळ आणि तांबं इथे सोडून देतो. निकेल चकचकीत दिसतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर पातळ असूनही कडक असतो. इतक्या बारीक सिग्नलला तोही नको.

चांदीचा स्विच करताना फार मजा आली. सराफाकडून जाड तार आणली, बेकेलाइटच्या चकतीत दर १५ अंशांवर एक अशी २४ भोकं पाडली आणि तारेचे तुकडे ठोकून रिव्हेट बसवले. वायपर फॉस्फर ब्राँझच्या पट्टीचा, टोकाला चांदीचाच तुकडा. शुद्ध चांदी मऊ असते, तिच्यावर लवकर चर पडते. म्हणून ९२.५ टक्क्यांची घ्या. उरलेल्या तांब्यामुळे तिला कडकपणा येतो.

चांदीच्या बाजूने नेहमी सांगतात की तिच्याइतकी चांगली वीजवाहक दुसरी धातू नाही. खरं आहे, पण या कामात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. १० किलोओहमच्या मार्गात कॉन्टॅक्टने अख्खा १ ओहम जास्त घातला तरी आवाजात डेसिबलच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडतो. त्रास होतो तो कॉन्टॅक्टचा रोध एका जागी टिकत नाही तेव्हा.

आणि चांदीचा नेमका तिथेच टिकत नाही, निदान आमच्या घरी तरी. आम्ही ठाण्याला खाडीच्या अंगाला राहतो. देवघरातलं चांदीचं निरांजन आठ-पंधरा दिवसांत काळवंडतं. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने रिव्हेटवरही तोच सल्फाइडचा थर चढतो. वायपर रोज फिरतो ती चार-पाच ठिकाणं लखलखीत राहतात, बाकीची हळूहळू काळी पडतात. दिव्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते आणि असा थर जळून जातो. इथे काही मिलिव्होल्टचा सिग्नल, त्याच्यात थर फोडण्याची ताकदच नाही.

माझी पहिली जोडणी शंट पद्धतीची होती: एक रेझिस्टर कायम मार्गात आणि स्विच दुसरा निवडून जमिनीकडे जोडतो. रात्रीच्या अगदी हळू आवाजाला, उणे ६० डेसिबलच्या आसपास, तो खालचा रेझिस्टर जेमतेम १० ओहमचा असतो. तिथे मात्र कॉन्टॅक्टचा १ ओहम पाऊण डेसिबलहून जास्त फरक पाडतो, म्हणजे गाणं एका बाजूला सरकलेलं ऐकू येतं. एका जुलैच्या रात्री अकरा वाजता तो कॉन्टॅक्ट क्षणभर पूर्णच सुटला. जमिनीकडचा मार्ग तुटला की आवाज कमी करणारं काही उरत नाही. डाव्या स्पीकरमधून संथ आलाप पूर्ण ताकदीने घरभर घुमला आणि शेजारच्या खोलीत झोपलेली आई दचकून उठली.

यात जोडणीचा दोष धातूपेक्षा मोठा होता, हे मान्य. म्हणून तीच चकती रेझिस्टरच्या साखळीने पुन्हा जोडली: रेझिस्टर एकामागोमाग, आणि वायपर त्यांच्या एकेका सांध्यावरून सिग्नल उचलतो. मग कॉन्टॅक्ट सुटला तर नुसती शांतता होते. धोका गेला, पण कटकट राहिली. पावसाळ्यात रोज सकाळी नॉब हलवला की डावा आवाज गायब. पाच-सहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा तेव्हा परत येई. गाणं ऐकायला बसताना पहिलं काम हे, याचाच मला वीट आला.

सोन्यावर सल्फाइड चढत नाही. पण तुम्ही सोन्याचा थर असलेली साधी पीसीबी (छापील सर्किटचा बोर्ड) करून घ्यायचा विचार करत असाल तर थांबा. पॅडवर निकेलवर रासायनिक पद्धतीने चढवलेलं ते सोनं मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढंही नसतं. ते सोल्डरसाठी असतं, घासण्यासाठी नाही. थोड्याच दिवसांत खालचं निकेल उघडं पडतं. आपल्याला हवं ते कडक सोनं, किंचित कोबाल्ट मिसळलेलं, साधारण पाऊण मायक्रॉन जाडीचं. चार तुकड्यांसाठी ते कोण चढवून देणार?

मला ते भंगारात सापडलं. १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या आठ बिटांच्या जुन्या कॉम्प्युटर कार्डाच्या (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खोचायच्या बोर्डाच्या) काठावर दोन्ही बाजूंना ३१-३१ सोनेरी पट्ट्या असतात, एकमेकींपासून २.५४ मिलिमीटरवर. एक बाजू डाव्या चॅनेलला, दुसरी उजव्याला, प्रत्येकीवर ३० रेझिस्टरची साखळी. नॉब जाऊन सरकता कंट्रोल येतो, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास सरकणारा. वायपरसाठी जुन्या मदरबोर्डच्या स्लॉटमधल्या स्प्रिंगा काढल्या, त्यांच्याही टोकाला सोनंच असतं. दर बाजूला दोन स्प्रिंगा किंचित मागेपुढे लावा, म्हणजे एक सुटण्याआधी दुसरी टेकते. स्वस्त कार्डांवर न लागणाऱ्या पट्ट्या गाळलेल्या असतात, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेताना पट्ट्या मोजूनच घ्या. आणि पट्ट्यांना जोडलेले कार्डावरचे आधीचे ट्रॅक (तांब्याच्या रेषा) कापायला विसरू नका.

पट्ट्यांवर आता पुसटशी रेघ दिसते, भिंगातून निकेल अजून दिसलेलं नाही. किती वर्षं जाईल ते माझ्या हलक्या स्प्रिंगांवर आणि रोजच्या सरकवण्यावर अवलंबून आहे. चांदी झिजली तरी खाली चांदीच असते, हा तिचा मोठेपणा सोन्याला नाही. लातूर-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत, रोज सगळ्या पायऱ्या फिरवणाऱ्याला चांदी कदाचित पुरेशी ठरेल. तिच्या डब्यात रबराचे वॉशर तेवढे ठेवू नका, रबरातलं गंधकही तिला काळं करतं. पण किनाऱ्यालगत राहत असाल आणि हळू आवाजात ऐकत असाल, तर मी आधी कार्ड शोधायला जाईन.

चांदीची चकती मी टाकलेली नाही. तिच्यातले चार रिव्हेट ठेवून दोन स्पीकरच्या जोड्यांमध्ये निवड करायला लावली आहे. तिथून अँपिअरमध्ये करंट जातो, आणि दोन पावसाळ्यांत ती एकदाही अडखळलेली नाही.