रानातला तंबू की गावातलं घर?

चीनच्या इनर मंगोलियात रेनडियर पाळणाऱ्या एवेंकी जमातीच्या लोकांना २००३ साली गेन्ह शहराजवळच्या नव्या आओलुगुया वस्तीत हलवलं. तिथे पक्की घरं, वीज, शहरातला दवाखाना हाकेच्या अंतरावर. म्हाताऱ्याकोताऱ्यांना याचा आधार मोठाच. पण रेनडियरनी खायचं काय? त्यांना लागतं लायकेन, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड, आणि ते जंगलातच मिळतं. म्हणून काही जण कळप घेऊन परत रानात गेले. तिथे तंबू, तंबूत चूल. उन्हाळ्यात बाहेर ओलसर धुनी पेटवली, की डासांनी बेजार झालेली जनावरं आपणहून धुरात येऊन उभी राहतात. हिवाळा हाडं गोठवतो, हे खरंच. तरी माझा कौल रानालाच. रेनडियरवाचून या एवेंकींची कल्पनाच मला करवत नाही.