मलेशिया: सात महिने वापरून झाल्यावर (चहाबद्दल जरा जास्तच आहे)

सात महिने प्रोजेक्टवर क्वालालंपूरला होतो, परवा परत आलो. ट्विन टॉवर, लंकावी वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते परत सांगत नाही. लिहायला बसलो कारण सकाळी घरचा चहा प्यायलो आणि चक्क फिका लागला.

पहिल्या दिवशी ऑफिसखालच्या मामाकमध्ये (तमिळ मुसलमानांचं हॉटेल, रात्रंदिवस उघडं) नुसतं 'तेह' (म्हणजे चहा) म्हणालो. कंडेन्स्ड मिल्क! बासुंदीत चहापत्ती टाकल्यासारखं. पण दोन रिंगिट, म्हणजे चाळीसेक रुपये, टाकवेना म्हणून संपवला. मग कोणी सांगितलं 'कुरांग मानिस' म्हण, म्हणजे गोड कमी, तरी गोडच, कारण गोडी त्या दुधाच्या डब्यातच असते, ती माणूस काढणार कुठून. 'तेह ओ' मागवला तर दूध गायब, साखर हजर. चार महिने हेच चाललं आणि मी देशाला मनातल्या मनात तीन स्टार देऊन बसलो होतो.

त्यात मलाक्काच्या (जुनं बंदराचं शहर) बसने घात केला. आधीच एसी असला की जून महिन्यात स्वेटर, आणि गाडी हायवेवर बंद पडली, दीड तास उभे. रिफंड मागितला तर काउंटरवरची बाई म्हणे ऑनलाइन फॉर्म भरा. भरलाय. अजून वाट बघतोय.

पण मलाक्का बघून राग गेला हे कबूल करतो. एकाच गल्लीत चेंग हून तेंगचं चिनी देऊळ, पुढे कंपुंग क्लिंग मशीद, जिला घुमट नाही, थरांचं उतरतं छप्पर आणि पॅगोडासारखा मिनार, आणि जवळच अठराव्या शतकातलं गणपतीचं देऊळ. वर टेकडीवर सेंट पॉलचं पडकं चर्च. गोव्यात ज्यांच्या दर्शनाला रांग लागते त्या सेंट झेवियरना 1553 मध्ये काही महिने इथेच पुरलं होतं, मग गोव्याला नेलं. हे मला तिथे उभं राहून कळलं, लाज वाटली.

बाकी पटकन: टॉवरवर परदेशी माणसाला तिकीट जास्त पडतं, मी गेलो नाही, खालच्या बागेतून संध्याकाळचं कारंजं फुकट दिसतं. बाटू केव्हजच्या (गुहेतलं मुरुगनचं देऊळ) 272 पायऱ्या सकाळी लवकर चढा, माकडांपासून पिशवी सांभाळा. पेनांगला दोन नाही, चार दिवस ठेवा, भूक घेऊन जा.

तर चहा. पाचव्या महिन्यात त्याच मामाकमध्ये टेबल भरलेलं, मलय पोरं, रोटी चनाई खाणारे एक चिनी आजोबा, मी. माझं तोंड बघून आजोबा म्हणाले, 'तेह सी कोसोंग' सांग. सी म्हणजे इव्हॅपोरेटेड दूध (आटवलेलं, बिनसाखरेचं), कोसोंग म्हणजे रिकामं, साखर नाही. आला, अगदी हवा तसा! चार महिने कोणी का नाही बोललं? तिथल्या तिथे साडेचार स्टार केले.

आणि गंमत बघा, आठवड्याभरात तो बेचव वाटायला लागला, गुपचूप परत तेह तारिकवर (तोच कंडेन्स्ड मिल्कचा चहा, वरून ओतून फेसाळलेला) आलो, शेवटी तर दिवसाला तीन.

शुक्रवारी शुगर तपासायला जायचंय, बायकोने सकाळची वेळ घेऊन ठेवलीय, उपाशीपोटी.