आधी लग्न, मग प्रेम: हेयरची कुठली कादंबरी हातात घ्याल?

सोयीचं लग्न, त्यातून हळूहळू प्रेम, आणि तेही जुन्या इंग्लंडातलं, असं काही वाचायचं असेल तर इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरच्या दोन कादंबऱ्यांपाशी गाडी अडते: १९३४ची ‘द कन्व्हिनियंट मॅरेज’ आणि १९६१ची ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’. लेखिका एकच, विषयही एकच, पण चव अगदी वेगळी.

आधी एक खुलासा. ‘रीजन्सी’ हवी म्हणून पहिली घेणार असाल तर थांबा. रीजन्सीचा काळ १८११ ते १८२०. वेड लागलेल्या राजा तिसऱ्या जॉर्जच्या वतीने युवराज कारभार बघत होता तो. ‘कन्व्हिनियंट मॅरेज’ घडते १७७६मध्ये: केसांना पावडर, घेरदार झगे, पुरुषांच्या कमरेला तलवारी. नेपोलियन तेव्हा शाळकरी पोर होता. खरी रीजन्सी आहे ती दुसरी, १८१४-१५ची.

‘कन्व्हिनियंट मॅरेज’ची सुरुवात मात्र हेयरच्या उत्तम सुरुवातींपैकी. कर्जबाजारी विनवुड घराण्यातल्या थोरल्या मुलीला श्रीमंत उमराव अर्ल ऑफ रूलचं स्थळ आलंय, आणि तिचं मन गुंतलंय एका साध्या फौजी अधिकाऱ्यात. तेव्हा धाकटी, सतरा वर्षांची होराशिया, तडक रूलच्या घरी जाते आणि म्हणते, ताईऐवजी मला करून घ्या. स्वतःतली खोटही स्वतःच मोजून दाखवते: भुवया सरळसोट आणि जाड, उंची कमी, शिवाय बोलताना अडखळते. वर पस्तिशीच्या रूलला सांगते की वय जरा जास्तच आहे, पण दिसत नाही. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलगीच असं बोलली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करत मी ते प्रकरण दोनदा वाचलं.

त्यानंतर पुस्तक पळत सुटतं. जुगार, हरवलेली ब्रोच, सूडाला टपलेला लेथब्रिज, नवऱ्याची जुनी मैत्रीण, तलवारींचं द्वंद्व, आणि मदतीला धावून सगळा विचका करणारा भाऊ पेलम. हसायला भरपूर. पण नवरा-बायको प्रेमात नेमके कधी पडले असं विचारलंत, तर मला बोट ठेवता येणार नाही. रूल सगळं आधीच ओळखून असतो, आणि आपण वाट बघतो ती होराशियाच्या डोक्यात कधी प्रकाश पडतो याची. सतरा आणि पस्तीस हे अंतर आज खटकतंच. हेयर ते गमतीवर नेते, बस्स.

‘सिव्हिल काँट्रॅक्ट’मध्ये गंमत कमी आणि हिशेब जास्त. तरुण उमराव ॲडम डेव्हरिल नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून लंगडत घरी येतो, तर उधळ्या बापाच्या मागे उरलंय ते गहाण पडलेलं वडिलोपार्जित घर, फाँटली. त्याचं प्रेम सुंदर ज्युलियावर आणि लग्न होतं जेनी चॉलीशी. जेनी ज्युलियाचीच शाळेतली मैत्रीण: बुटकी, गोलमटोल, फटकळ, लंडनच्या एका गडगंज व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी. बापाचा पैसा, जावयाची पदवी. आपल्याला हा सौदा समजावून सांगावा लागत नाही.

या पुस्तकात खरा भाव खाऊन जातो तो सासरा. दणकट देह, मोठा आवाज, जेनीला मढवून टाकणारे दागिने, जावयाला न विचारता केलेली घराची सजावट. ॲडम मनातल्या मनात चरफडतो. पण हाच माणूस जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा जाणता शौकीन आहे. ती नाजूक भांडी त्याच्या जाड बोटांत अलगद विसावतात, आणि ॲडमबरोबर आपल्यालाही त्याच्याबद्दलचं मत बदलावं लागतं.

प्रेम इथे दिसतं ते जेवणाच्या टेबलावर. नवऱ्याला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, हे जेनी न बोलता टिपून ठेवते. तिचं त्याच्यावर आधीपासूनच प्रेम आहे, आणि ते ती त्याला कळू देत नाही. ॲडमला उमगायला अख्खं पुस्तक लागतं. मध्ये शेतीसुधारणांवर पानंच्या पानं आहेत. ती चाळलीत तरी चालेल. वॉटर्लूचा, म्हणजे १८१५च्या नेपोलियनविरुद्धच्या लढाईचा भाग मात्र सावकाश वाचा: लंडनमध्ये पराभवाच्या अफवा, सासरा सांगतोय रोखे विकून टाक, आणि इंग्रज सेनापती वेलिंग्टनवर भरवसा ठेवून हा पठ्ठ्या उलट खरेदी करतो. सासऱ्याच्या उपकाराखाली दबलेला नवरा ताठ उभा राहतो तो इथे.

शेवट वाचून मात्र पुष्कळजण नाराज होतात. ॲडमला ज्युलियाबद्दल वाटायचं तसलं वेड जेनीच्या वाट्याला येत नाही, आणि तिला ते माहीत आहे. मला हा शेवट प्रामाणिक वाटतो. माझ्या बहिणीला तो जेनीवर अन्याय वाटतो, आणि यावर आमचं अजून जमलेलं नाही.

हेयर पूर्वी वाचली नसेल, किंवा परीक्षा-ऑफिसच्या धकाधकीत काही हलकं हवं असेल, तर होराशिया घ्या; दोन संध्याकाळींत संपेल. लग्नाला दहा-पंधरा वर्षं झाली असतील तर सरळ जेनीकडे जा. विशीत मी ते पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटून ठेवलं होतं. ज्युलिया सोडून कथा या बुटकीमागे का चाललीय, तेच तेव्हा कळत नव्हतं.