तेहरानच्या दारोत्तर्जोमेत (भाषांतराच्या ऑफिसात) विम्याची फाइल इंग्रजी करून घेतली, माझा अनुभव

कामासाठी तेहरानला होतो तेव्हा ऑफिसच्या गाडीला अपघात झाला आणि विम्याचे सगळे फारसी कागद इंग्रजी करून मुंबईला पाठवायचे होते. आधी फोनमधल्या फुकट ॲपवर टाकले. कागदावर ‘फ्रांशिझ १० टक्के’ होतं, ॲपने त्याचं चक्क फ्रँचायझी केलं, मुंबईत कुणाला काही कळेना. खरं तर ते आपलं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला जो हिस्सा आपणच भरायचा तो. आणि ‘हक्के बीमे’! हक्क आपलाच शब्द, विमाही तिथूनच आलेला, म्हणून मी ती रक्कम आपल्याला मिळणार असं कळवून मोकळा झालो, आणि तो निघाला प्रीमियम. फार वाईट वाटलं तेव्हा.

मग एन्केलाबजवळच्या एका दारोत्तर्जोमेत गेलो, म्हणजे सरकारमान्य तर्जुम्याचं ऑफिस. तिथल्या खानुमनी, म्हणजे बाईंनी, कागद हातात घ्यायच्या आधी विचारलं, हे वाचणार कोण? मी आपल्याकडची मोटार पॉलिसी मोबाइलवर दाखवली, ती त्यांनी नीट वाचली आणि ‘बीमे-ए-बदने’ला बॉडी इन्शुरन्स न लिहिता ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, असं लिहिलं. बीमेगर म्हणजे कंपनी, बीमेगोझार म्हणजे पॉलिसी घेणारा, ॲपने हे दोन पार उलटेपालटे केले होते, ते प्रत्येक पानावर तपासलं. ‘दिये’ हा शब्द मात्र तसाच ठेवून खाली खुलासा दिला, की मृत्यू किंवा इजेची ही भरपाई कायद्याने दरवर्षी ठरते आणि अपघात आणि मृत्यू दोन्ही हराम महिन्यांत, म्हणजे इस्लामी वर्षातल्या चार पवित्र महिन्यांत, झाले तर एक तृतीयांश वाढते. उगाच कॉम्पेन्सेशन लिहून भागवलं नाही हे मला फार आवडलं.

तारखा दोन्ही लिहिल्या, इराणी कॅलेंडरच्या १५ मेहर १४०२ च्या पुढे ७ ऑक्टोबर २०२३, आणि रकमा रियालमध्येच, कारण लोक तोंडी तोमानात (एक तोमान म्हणजे दहा रियाल) बोलतात आणि एका शून्याचा घोळ होतो.

तक्रार एकच, दादगोस्तरीच्या, म्हणजे न्यायखात्याच्या, शिक्क्याचे पैसे वेगळे लागतात हे शेवटी सांगितलं, आणि त्यात ४ दिवस गेले. पण मुंबईहून परत एकही क्वेरी आली नाही. जाणार असाल तर पासपोर्ट न्याच, फारसी लिपीवरून आपल्या आडनावाचं स्पेलिंग कुणालाच लागत नाही.