बेलम केव्हजची गाइडेड टूर: गुहा भारी, टूरवाला जेमतेम

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, गच्चीवर गेलं की समोर पांडवलेणी, त्यामुळे गुहा म्हटलं की डोक्यात तेच बसलेलं, पायऱ्या चढायच्या, काळ्या कातळातल्या खोल्या बघायच्या, वर जरा वारा खायचा आणि खाली येऊन मिसळ हाणायची. डिसेंबरात श्रीशैलम-तिरुपतीची टूर केली त्यात मधल्या दिवशी ‘बेलम केव्हज गाइडेड टूर, अडीच तास’ असं छापलं होतं. टूरवाला नाशिकचाच, नाव टाकत नाही कारण तो आमच्या दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रोज भाजी घेताना तोंड बघायचंय. पण रिव्ह्यू लिहिणार, पैसे मोजलेत.

आधी त्याचंच सांगते. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला होता की गुहा म्हणजे नैसर्गिक एसी, ज्येष्ठांनी स्वेटर-शाल जवळ ठेवावी. सासूबाईंनी बिचाऱ्यांनी लोकरीचा फुल बाह्यांचा स्वेटर घातला, वरून मफलर. आत शिरून दहा मिनिटं झाली नाहीत तर सगळ्या बसचे कपडे पाठीला चिकटलेले! आत दमट आहे हो, भयंकर दमट, वरून भोकं पाडून आणि पंखे लावून हवा आत सोडलीये म्हणून निदान श्वास घेता येतो, पण घाम काही थांबत नाही, माझा चष्मा तर दर दोन मिनिटांनी धुक्यात. स्वेटर शेवटी माझ्या कमरेला बांधून अख्खी गुहा फिरले. त्यामुळे जाणाऱ्यांनी सुती कपडे घाला, पाण्याची बाटली घ्या, आणि ज्यांना दम्याचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं म्हणजे अडीच तासांचे झाले पंचावन्न मिनिटं. सकाळी हॉटेलवर नाश्त्याला उशीर, मग रस्त्यात चहा, मग मॅनेजरच्या ओळखीच्या दुकानात साड्या, आणि गुहेपाशी पोचलो भर दुपारी साडेबाराला. बेचाळीस माणसं आणि गाइड एक. गाइड खरंच चांगला होता, तेलुगू वळणाच्या हिंदीत मन लावून सांगत होता, पण अरुंद बोळात लाइन लागली की पुढच्या दहा जणांना ऐकू येणार आणि मागच्यांना फक्त ‘चलिये चलिये’. हे गाइडच्या अंगावर ढकलू नका, दोन गट करून पाठवायला टूरवाल्याला काय झालं होतं?

आता गुहा. आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात आहे, आधी कर्नूल जिल्हा होता तो भाग. बाहेरून बघाल तर काहीच नाही, सपाट माळरान आणि जमिनीत मोठाले खड्डे, त्यातल्या एकातून जिना खाली जातो, अगदी विहिरीत उतरल्यासारखं. आपल्याकडे लेणी म्हणजे चढायचं, इथे उतरायचं. सासूबाई पहिल्याच मोठ्या दालनात थबकल्या आणि म्हणाल्या, ‘केवढं कोरलंय गं, कुठल्या राजानं?’ त्यांचं चुकलं नाही, पांडवलेणीला गेलो की आम्ही त्यांना तेच सांगतो ना, हे नहपान राजाच्या जावयानं उषवदातानं दान दिलेलं, ही तीन नंबरची लेणी गौतमी बलश्रीची, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. इथे राजा नाही, छिन्नी नाही, सगळं पाण्याचं काम. चिरंजीव नववीत, लगेच सुरू झाला, वरून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, खालून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. व्याख्या तोंडपाठ. मी म्हटलं ठीके, पण पाण्यानं दगड विरघळतो कसा ते आजीला सांग. तिथे गाडी अडली.

गाइडचा भर आकारांवर. टॉर्च मारायचा, ये देखो हजार फणोंवाला नाग, ये वटवृक्ष की पारंब्या, ये कोटिलिंग. कोटिलिंगाच्या दालनात वरचा आणि खालचा स्तंभ वाढत वाढत एकमेकांना भिडून एक जाडजूड खांब झालाय, तिथे अर्ध्या बसनं हात जोडले, मीही जोडले, खोटं कशाला बोलू. पण तो खांब झाला कसा हे शेवटी सासूबाईंनीच सोडवलं, तेही गुहेत नाही, रात्री हॉटेलवर जेवताना. दुपारी गाइड सांगत होता की हा काळा चुनखडीचा दगड आहे, फरशा निघतात तसला. तर त्या म्हणाल्या, म्हणजे आपल्या ओट्याचा कडप्पाच की. आणि खरंच, कडप्पा हे नावच तिकडच्या जिल्ह्यावरून आलंय आणि तो दगडही चुनखडीच, फक्त काळी. मग पुढे म्हणतात, ‘कडप्प्यावर लिंबू सांडलं आणि पुसायला विसरलं की पांढुरका डाग राहतो, कितीही घासा जात नाही.’ बस, मला तिथल्या तिथे ट्यूब पेटली. लिंबाचं आम्ल दगड खातं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि अगदी सौम्य आम्ल बनतं, लिंबाच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं सौम्य, पण ते लाखो वर्षं फटीफटीतून वाहत राहिलं की ओट्यावर डाग पडण्याऐवजी जमिनीखाली बोगदे पडतात. आणि खांब म्हणजे ह्याच्या उलट, तेच पाणी छतातून थेंब थेंब गळताना त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना मागे राहतो, आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोंडाला जो पांढरा खरपुडा धरतो ना, त्याचाच भाऊ. फरक एवढाच की आमचा नळ दोन वर्षांत तुंबतो आणि तिथे एक सेंटिमीटर वाढायला शंभर वर्षं सहज जातात. आपल्या नाशिकच्या डोंगरांत असल्या गुहा का नाहीत त्याचंही उत्तर ह्यातच आलं, आपला दगड लाव्ह्याचा, बेसाल्ट, तो असा विरघळत नाही, म्हणून माणसाला छिन्नी घ्यावी लागली.

सप्तस्वर गुहा म्हणून एक जागा आहे, तिथले लोंबणारे दगड बोटाच्या पेरानं वाजवले की टणटण आवाज येतो, प्रत्येकाचा वेगळा. मला ते ऐकायला मजा आली पण बेचाळीस जणांनी रांगेनं ठोकायचं म्हणजे जरा जिवावर आलं, हाताचं तेल-घाम लागलं की त्या जागी पुढचा थर नीट धरत नाही म्हणतात. आणि लाइटिंग! लाल, हिरवे, निळे, आमच्याकडे गणपतीच्या मंडपात असतात तसले. फोटो झकास येतात, दगडाचा खरा रंग मात्र कळत नाही. मोबाईलचा साधा टॉर्च लावून बघा, वेगळाच दिसतो.

शेवटी पाताळगंगा, सगळ्यात खोल जागा, 46 मीटर. वाकून वाकून जावं लागतं, खाली ओलं, चप्पलवाल्या दोन बायका घसरता घसरता वाचल्या, बूट किंवा पट्ट्याची सँडल हवीच. सासूबाई गुडघ्यामुळे अलीकडेच थांबल्या, वणीच्या गडावर आता ट्रॉलीनं जाते तशी इथे पण बसवा म्हणाल्या. खाली एक बारीकशी धार वाहते आणि तशीच जमिनीत गडप होते. मला तिथे पाच मिनिटं नुसतं बसायचं होतं, पण मॅनेजरची शिट्टी आली, तिरुपती गाठायचंय.

बाकी माहिती भराभर: एकूण लांबी 3229 मीटर, त्यातली दीडेक किलोमीटर बघता येते, 1884 मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट ह्या इंग्रज भूशास्त्रज्ञानं नोंद केली, 1982-83 मध्ये जर्मन टीमनं नकाशा केला आणि 2002 मध्ये लोकांसाठी उघडली.

गुहेला पाचपैकी पाच, टूरवाल्याला दोन, ते पण जेवण गरम होतं म्हणून. परत जाणार, पण आपलं आपण, ताडिपत्री स्टेशनपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी करून, सकाळी लवकर, निवांत तीन तास.

परवा भाजीबाजारात टूरवाला भेटलाच, एप्रिलमध्ये परत दक्षिण काढतोय, काकू येताय ना म्हणाला. सासूबाई मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाल्या, ‘येऊ की, स्वेटर आणू का?’