इन्स्पायरचे २० हजार आणि प्लाझ्माचा उन्हाळा : साताऱ्याच्या पोरीचा रिव्ह्यू

इन्स्पायर स्कॉलरशिपच्या उन्हाळी प्रोजेक्टच्या पैशाला स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक का कापला ते पुढं येईलच.

मी कोरेगाव तालुक्यातली, बीएस्सी साताऱ्यात केलं फिजिक्स घेऊन, आता एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी आठ आठवडे पुण्यातल्या एका प्लाझ्मा लॅबमध्ये (प्लाझ्मा म्हणजे ज्यातले इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झालेत असा वायू) काम केलं आणि त्याचा खर्च इन्स्पायर स्कॉलरशिपच्या समर प्रोजेक्टच्या पैशातून निघाला, म्हणजे जवळजवळ सगळा निघाला. कॉलेजातल्या आणि गावातल्या पोरी सारख्या विचारतात की फ्युजनमध्ये, म्हणजे अणूंची केंद्रकं जुळवून ऊर्जा काढायच्या कामात, काही करायचं असेल तर पैसे कोण देतं, म्हणून एकदाच बसून सविस्तर लिहिते.

इन्स्पायर ही केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना, २००८ पासूनची. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलात आणि पुढं बीएस्सी नाहीतर इंटिग्रेटेड एमएस्सीला मूळ विज्ञानाचा विषय घेतलात की अर्ज करता येतो. वर्षाला ८० हजार. त्यातले ६० हजार महिना ५ हजारच्या हिशोबानं, आणि वरचे २० हजार खास उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी. ह्या २० हजारांचंच मला सांगायचंय. बरीच पोरं काय करतात, आपल्याच कॉलेजात सरांना सांगून पंधरा दिवसांत काहीतरी उरकतात, रिपोर्ट जोडतात आणि मोकळी होतात. पैसे मिळतात, नाही असं नाही, पण अख्खा उन्हाळा हातचा जातो. ते पैसे घराबाहेर पडून खऱ्या लॅबमध्ये राहायला पुरतात, मी राहून आलेय म्हणून सांगते.

आता अवघड काय ते ऐका. गाईड तुम्हाला स्वतः शोधावा लागतो. मी डिसेंबरपासून मेल टाकायला लागले, एकूण २३ जणांना टाकले. पहिले पंधरा सगळे एकसारखे, रिस्पेक्टेड सर मला प्लाझ्मामध्ये खूप इंटरेस्ट आहे वगैरे, एकाचंही उत्तर नाही. मग आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडम म्हणाल्या, अगं त्यांचा एक पेपर तरी वाच आणि तुला त्यातलं काय कळलं नाही ते विचार. मी तसं केलं. वायूचा दाब कमी करत गेलं की आधी कमी व्होल्टेजला डिस्चार्ज होतो (वायूतून वीज वाहायला लागते) आणि एका मर्यादेखाली गेलं की परत जास्त व्होल्टेज लागायला लागतं, हा पाश्चेनचा कर्व्ह, तर तो परत वर का जातो एवढंच विचारलं, चार ओळीत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की दाब फार कमी झाला की इलेक्ट्रॉनला धडकायला अणूच सापडत नाहीत, आणि मे महिन्यात येऊन स्वतः मोजून बघणार का. मी ते मेल आईला मराठीत वाचून दाखवलं, तिनं दोनदा वाचायला लावलं.

पैशांचं मात्र आधी जमवावं लागतं. रिपोर्ट आणि गाईडचं सर्टिफिकेट दिल्यावर ग्रँट सुटते, आणि खोलीवाला तर पहिल्या दिवशीच भाडं आणि डिपॉझिट मागतो. इथंच आपल्याकडची निम्मी पोरं थांबतात. माझ्याकडं कमवा आणि शिका मधून लायब्ररीत काम करून साठवलेले ४ हजार होते. कर्मवीर अण्णांच्या जिल्ह्यात वाढलो आपण, त्यामुळं शिकताना काम करायची लाज कुणाला वाटत नाही हे एक फार बरं आहे. दादांनी आल्याच्या पैशातून साडेपाच हजार दिले, तेव्हा आल्याला दर पण नव्हता तरी दिले. आणि १० हजार आईनं बचत गटातून उचलले, शेकडा दोननं. गटाच्या मीटिंगला मी पण गेले होते, तिथं एका काकूंनी विचारलं की पोरगी नेमकं काय शिकायला चाललीय, आई म्हणाली सूर्यात जे होतं ते इथं करून बघतात ते. मी इतकी वर्षं शिकून एवढं नीट सांगितलं नसतं.

आणि ते खरंच तसंच आहे. सूर्याच्या पोटात हलक्या अणूंची केंद्रकं एकत्र येतात आणि ऊर्जा सुटते, तेच पृथ्वीवर करायचं तर हायड्रोजनचे दोन भाऊबंद, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, वापरतात. प्रत्येक जोडीमागं १७.६ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा सुटते आणि त्यातली १४.१ एकटा न्यूट्रॉन घेऊन जातो. त्यासाठी फ्रान्समध्ये आयटर नावाचं मशीन बांधतायत, तिथं प्लाझ्मा १५ कोटी अंशापर्यंत तापवायचाय, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. त्यात भारत २००६ च्या करारापासून भागीदार आहे, आणि ज्या थंड टाकीत ते सगळं मशीन बसतं ती क्रायोस्टॅटची टाकी, साधारण ३० मीटर उंच आणि ३० मीटर रुंद, ३,८५० टनांची, ती आपल्याकडं सुरतजवळ हजिऱ्याला एल अँड टीनं तयार केली आणि तुकड्या-तुकड्यानं जहाजातून पाठवली. मला हे बारावीत कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हाच मेल टाकायला लागले असते.

लॅबमधलं सांगते. माझ्यासमोर होती हातभर लांबीची काचेची नळी, दोन्ही टोकांना स्टीलची इलेक्ट्रोड, खाली दिवसभर गडगडणारा रोटरी पंप. पहिले नऊ दिवस प्लाझ्मा पेटलाच नाही कारण व्हॅक्यूम होतच नव्हता, गेजचा आकडा एका ठिकाणी येऊन थांबायचा. मग सीनियर दादानं शिकवलं की कापसाला ॲसिटोन लावून एकेका जोडावर टेकवायचं आणि गेजकडं बघायचं, जिथं आकडा उडी मारेल तिथं लीक. खालच्या फ्लँजला टेकवल्यावर उडी मारली. उघडून बघितलं तर रबरी ओ-रिंगवर एक केस आडवा पडलेला. एक केस हो, बहुतेक माझाच. तो काढला, ओ-रिंग पुसून ग्रीसचा हात फिरवला, परत बसवलं, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला नळीत जांभळट गुलाबी उजेड आला, मधेच काळे पट्टे. पंप चालू ठेवून आम्ही दोघं नुसतं बघत उभं होतो. त्या दिवसापासून मी लॅबमध्ये केस बांधून वर रुमाल बांधते.

नंतरचे सगळे आठवडे लँगम्यूर प्रोब. प्लाझ्मा हे नाव १९२८ साली ज्यानं दिलं त्याच आयर्विंग लँगम्यूरचा हा प्रोब, म्हणजे टंगस्टनची बारीक तार सिरॅमिकच्या नळीत घालून टोक फक्त काही मिलिमीटर उघडं ठेवायचं, ते प्लाझ्मात बुडवायचं, व्होल्टेज बदलत जायचं आणि करंट मोजायचा. मग करंटच्या लॉगचा ग्राफ काढला की सरळ भागाच्या उतारावरून इलेक्ट्रॉनचं तापमान निघतं. माझं आलं २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २८ हजार केल्विन, आणि नळीला हात लावला तर नुसती कोमट. आधी वाटलं मीच चुकले. मग कळलं की इलेक्ट्रॉन एवढे हलके आणि एवढे विरळ असतात की तापमान कितीही असलं तरी काच तापवायला त्यांच्याकडं तेवढी उष्णताच नसते. टोकामॅकमध्ये (चुंबकांनी प्लाझ्मा धरून ठेवणारं मशीन, आयटर पण तसलंच) प्लाझ्माच्या कडेला मोजायला पण असेच प्रोब वापरतात, हे कळल्यावर त्या तारेचा हिशोब मी जास्तच जपून करायला लागले.

आता खर्च, कारण खरा प्रश्न सगळ्यांचा तोच असतो. कॉट बेसिसवर खोली महिना ३,५०० म्हणजे दोन महिन्यांचे ७ हजार. मेस दोन वेळची महिना २,८०० म्हणजे ५,६००. सकाळचा नाश्ता, चहा आणि रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हाचं मिळून २,२००. बस आणि शेअर रिक्षा १,७००. एसटीनं चार वेळा घरी आले-गेले त्याचे ८०० (२०२३ पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्याचा फार आधार झाला, पोरांनी दुप्पट धरा). प्रिंट आणि बाइंडिंग ६००. आणि खोलीवाल्यानं साडेतीन हजार डिपॉझिटमधून १,५०० कापून घेतले, भिंतीला रंग द्यावा लागेल म्हणून. मी तिथं खिळासुद्धा ठोकला नव्हता, पण आत जाताना फोटो काढले नव्हते त्यामुळं बोलायला जागा राहिली नाही. पहिल्या दिवशी खोलीचे फोटो काढा आणि डिपॉझिटची पावती लिहून घ्या. बेरीज १९,४००. वर बचत गटाचं पाच महिन्यांचं व्याज १ हजार. म्हणजे २० हजारात बसलं आणि ४०० रुपये पदरचे. पुण्यासाठी पुरतं, मुंबईला ह्या पैशात राहता येईल असं मला वाटत नाही.

कागदपत्रांनी मात्र जीव काढला. माझ्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, आणि पासबुकात वडिलांचं नावच नाही, त्यामुळं एका ऑफिसात मला तीन वेळा परत पाठवलं. दर वेळी नवीन कारण. शेवटी ॲफिडेव्हिट केलं. सही-शिक्क्याचा एक फॉर्म तर एका टेबलावर सतरा दिवस पडून होता, मी रोज जाऊन विचारायचे, रोज साहेब आले नाहीत. असा एक कागद अडला की पुढचं सगळं अडतं आणि इकडं गटाचं व्याज चालूच राहतं. पैसे खात्यात आले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. त्यामुळं बारावीचा निकाल लागला की पहिलं काम म्हणजे तिन्ही ठिकाणचं नाव एकसारखं करून घ्या, ॲडमिशनच्या गडबडीत हे राहतं.

तर एक स्टार ह्याचा कापला की पैसे आधी मिळत नाहीत. निम्मे जरी मे महिन्यात हातात पडले असते तरी गटातून उचलायची वेळ आली नसती, आणि ज्यांच्या घरी गटही नाही त्या पोरींनी काय करायचं. मला हे मनापासून वाटतं. माझ्याच वर्गात माझ्यापेक्षा जास्त मार्कांची एक मुलगी होती, तिला गाईडनी हो म्हटलं होतं, खोलीच्या डिपॉझिटपायी ती गेली नाही. साडेतीन हजार रुपये.

इन्स्पायर ज्यांना नाही त्यांच्यासाठी. गांधीनगरजवळ भाट गावाला इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च आहे, आदित्य टोकामॅक तिथलाच, १९८९ पासूनचा, आणि सुपरकंडक्टिंग चुंबकांचा एसएसटी-१ पण तिथंच. त्यांचं उन्हाळ्यात समर स्कूल असतं, एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाच्या आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी, तेव्हा सांगली-कराडच्या इंजिनिअरिंगवाल्यांनी हे लक्षात ठेवाच, मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्यांना तिथं भरपूर काम आहे. बीएस्सीला असताना मला ते चालत नव्हतं म्हणून मी पुण्याला गेले. दुसरं म्हणजे बंगळूरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमींची मिळून समर रिसर्च फेलोशिप, दोन महिन्यांची, विद्यावेतन देतात आणि रेल्वेचं भाडंही. त्याचा अर्ज हिवाळ्यातच भरायचा असतो आणि सरांचं शिफारसपत्र लागतं, मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

नेटवर शोधलं की सगळ्यात आधी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची सुली इंटर्नशिप दिसते, प्रिन्स्टनची प्लाझ्मा लॅब वगैरे. ती फक्त अमेरिकेचे नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी आहे. मी अर्धा फॉर्म भरून झाल्यावर हे वाचलं, दोन रात्री वाया गेल्या. आयटरची इंटर्नशिप मात्र भागीदार देशांच्या विद्यार्थ्यांना खुली असते आणि त्यात आपण बसतो, ते माझ्या डोक्यात आहे, पुढच्या वर्षी बघू.

ह्या वर्षी गांधीनगरचा फॉर्म भरलाय. कोल्हापूरहून अहमदाबादला जाणारी गाडी साताऱ्यावरून आठवड्यातून एकदाच आहे, म्हणून निकाल लागला की लगेच तिकीट काढावं लागेल. आईनं गटाच्या ह्या महिन्याच्या मीटिंगला विचारून ठेवलंय, परत १० हजार मिळतील का म्हणून. काकू म्हणाल्या मिळतील, पण आल्यावर ते जांभळ्या उजेडाचे फोटो मोबाईलवर आम्हाला परत दाखवायचे.